आगीनगाडीचा उत्सव आणि घाटमाथ्यावरची माणसे

वर्धापनदिन साजरा करण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. इस्राएल लोकांना तर पन्नासाव्या वर्षाची आज्ञाच होती. त्या वर्षी शिंग फुंकायचे, गुलामांना मोकळे करायचे आणि हातातून गेलेली जमीन ज्याची त्याला परत द्यायची, असा लेवीय पुस्तकातील नियम आहे. आपण आज ज्याला ज्युबिली म्हणतो त्या शब्दाचे मूळ या शिंगात आहे. अर्थात उत्सव म्हणजे केवळ वाजतगाजत मिरवणूक नव्हे. ज्याचे देणे राहिले असेल त्याला ते पोचते करणे हा उत्सवाचा गाभा आहे. हा अर्थ मनाशी धरून आम्ही आज एका वेगळ्याच उत्सवाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो उत्सव आहे आगगाडीचा.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास मुंबईच्या बोरीबंदरावरून १४ डब्यांची एक गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघाली. २१ तोफांची सलामी झाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे धारण करणाऱ्या तीन इंजिनांनी ही गाडी ओढली आणि सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर तोडून ती ठाण्यास पोचली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडची जी.आय.पी., हिचा हा पहिला सार्वजनिक प्रवास होय. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई या मुंबईकरांनी या उपक्रमासाठी केलेली खटपट सर्वश्रुत आहे. ज्या ठाण्यास ही गाडी जाऊन थांबली तेथे चार फ्रान्सिस्कन संघबंधूंनी १३२१ साली रक्त सांडले होते आणि पोर्तुगीजांच्या काळापासून ख्रिस्ती वस्ती नांदत होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

या प्रवासाला दीडशेवे वर्ष लागले तेव्हा, २००२ च्या एप्रिलमध्ये, मुंबई ते ठाणे या वाटेवर वाफेच्या इंजिनाची गाडी पुन्हा चालविण्यात आली. विजेच्या गाड्यांना सरावलेल्या मुंबईकरांनी रुळांच्या कडेला, पुलांवर, घरांच्या गच्च्यांवर गर्दी करून ती पाहिली. हत्तीच्या रूपातील ‘भोलू’ नावाचा हिरवा कंदील हाती घेतलेला गार्ड या वर्षाचे बोधचिन्ह म्हणून घरोघरी पोचला. आता १६ एप्रिल २०२८ रोजी त्या पहिल्या प्रवासास १७५ वर्षे पूर्ण होतील. उत्सव होईल, भाषणे होतील, बहुधा पुन्हा एखादी धूर सोडणारी गाडी निघेल. ती गाडी कोठवर जावी आणि तिने सोबत काय न्यावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. कारण मुंबई ते ठाणे हा रेल्वेच्या इतिहासाचा केवळ उंबरठा आहे. घर त्याच्या पुढे आहे, आणि त्या घरात आपलीही माणसे राहिली आहेत.

घाट कोणी चढविला?

सपाटीवरून ठाणे गाठणे सोपे होते. पुढे सह्याद्री उभा होता. कल्याणला १८५४ मध्ये गाडी पोचली. पण कसाऱ्यापर्यंत रूळ यावयास १८६१ साल उजाडले आणि कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा तुकडा १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. म्हणजे पहिल्या चौतीस किलोमीटरांचा सोहळा होऊन गेल्यावर घाटमाथ्यावर पाऊल ठेवण्यास आणखी जवळजवळ बारा वर्षे लागली. गंमत अशी की घाटमाथ्यावरचा मार्ग त्याआधीच तयार होत गेला होता. १८६३ मध्ये भुसावळपर्यंत गाडी धावत होती, पण खाली कोकणात उतरणारा जिना मात्र अपुरा होता.

हा जिना कसा होता ते थोडक्यात सांगतो. सुमारे ९ मैलांच्या अंतरात गाडीला ९७२ फूट वर चढावे लागे. सर्वांत कठीण जागी चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. सामान्य माणसाला रस्त्यावर हा चढ जाणवणारही नाही. परंतु गुळगुळीत पोलादी रुळावर गुळगुळीत पोलादी चाक चालवावयाचे म्हणजे हा चढ भिंतीसारखा असतो. एका इंजिनाने तो जमत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने लावून गाडी वर रेटावी लागते. ज्यांनी या मार्गाने मुंबई–नाशिक प्रवास केला आहे त्यांना कसाऱ्याचा तो थांबा आणि मागून बसणारा हलका धक्का चांगला ठाऊक असेल. बोगदे खोदले गेले, दऱ्यांवर पूल बांधले गेले. एहेगावचा पूल सुमारे ७५० फूट लांब आणि १८० फुटांहून उंच होता. जी.आय.पी.चे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी हे सर्व आखले. पण १८६२ मध्येच त्यांचे निधन झाल्यामुळे आपली गाडी इगतपुरीला चढलेली पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

बर्कले यांचे नाव निदान ग्रंथांत राहिले. ज्यांनी सुरुंग पेरले, दोराला लोंबकळत कड्यावर छिद्रे पाडली, डोक्यावरून खडी वाहिली, त्यांची नावे कोठे आहेत? शेजारच्या बोरघाटाच्या कामावर १८६१ मध्ये ४०,००० हून अधिक माणसे राबत होती. तेथील एक कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच अवधीत मृत्यू पावले आणि त्यांची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट दोन अभियंत्यांच्या साह्याने पुरे करून दाखविले. ही हकिकत आता सांगितली जाते आणि ती सांगितली जावी. परंतु ज्या रोगराईने कंत्राटदारालाही सोडले नाही तिने पालांत राहणाऱ्या मजुरांची काय दशा केली असेल याचा विचार करावा. दोन्ही घाटांत पटकीच्या साथींनी हजारो बळी घेतले. पावसाळ्यात काम बंद पडे, माणसे गावी परतत, हिवाळ्यात पुन्हा येत. आणि प्रत्येक वेळी काहीजण परत येत नसत. त्यांच्या थडग्यांवर दगड नाही, त्यांच्या चितेची जागा कोणास ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात विलायतेला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा कापूस बंदरावर नेण्यासाठी घाटाची घाई होती. थळ घाट खुला झाला तो १८६५ च्या जानेवारीत, आणि युद्ध संपले ते त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये! भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. ज्यासाठी घाई केली ते निमित्त हातचे गेले, पण रूळ मात्र राहिले. आणि पुढे त्या रुळांवरून कापसापेक्षा कितीतरी अधिक मोलाची गोष्ट आली-गेली. ती म्हणजे माणसे.

गावापासून दूर असलेले स्टेशन

नाशिकला लोहमार्ग आला, पण नाशिकात आला नाही. गोदाकाठचे गाव एकीकडे आणि स्टेशन आठ-नऊ किलोमीटरांवर दुसरीकडे, म्हणून त्याचे नाव नाशिक रोड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोहोंना जोडणारी ट्राम सुरू झाली. प्रारंभी ती घोडे ओढीत. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे प्रसिद्धीस आलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे या ट्रामचे सल्लागार अभियंता होते. दुष्काळ आणि प्लेग यांच्या तडाख्यात ट्रामचा जमाखर्च जुळेना व १९३० नंतर लवकरच ती बंद पडली. आज मेन रोडवरून जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल? ज्या वस्तूचा उपयोग संपतो तिची आठवण पुसली जाण्यास दोन पिढ्या पुरे होतात, याचे हे उदाहरण घराशेजारचे आहे.

स्टेशन गावापासून दूर राहिल्याने एक नवेच गाव वसले. देवळालीची लष्करी छावणी, पुढे १९२५ मध्ये आलेला, नोटा व मुद्रांक छापणारा सरकारी छापखाना, मालधक्का, आणि या सर्वांभोवती नाना प्रांतांतून आलेली माणसे. सिंहस्थाला येणारे यात्रेकरू पूर्वी बैलगाडीने व पायी येत. ते आता आगगाडीने येऊ लागले. २०१५ नंतरचे सिंहस्थपर्व २०२७ मध्ये येत आहे, तेव्हाही नाशिक रोडचे फलाट माणसांनी फुलून जातील. आपल्याकडे फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मुंबई-वसईहून येणारे भाविकही याच फलाटावर उतरतात. एकाच जिन्यावरून गोदास्नानाला निघालेली माउली आणि बाळ येशूचा नवस फेडावयास निघालेली माउली खाली उतरतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पंक्तीला शेजारी न बसणाऱ्यांना आगगाडीने एकाच बाकावर बसविले, आणि तिकिटाला सोवळे-ओवळे कळत नाही हे सर्वांच्या लक्षात आले.

लोहमार्गाच्या कडेची ख्रिस्तसभा

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. तथापि त्याची मुळे त्याहून फार खोल आहेत. या धर्मप्रांताचा नकाशा आणि रेल्वेचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. इगतपुरी, देवळाली, नाशिक रोड, मनमाड, भुसावळ ही नावे दोन्हीकडे ठळक दिसतात. खेड्यापाड्यांतील ख्रिस्तसभा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात जर्मन जेज्वित धर्मगुरूंच्या श्रमांतून उभी राहिली. पण लोहमार्गाच्या कडेची ख्रिस्तसभा कोणी येऊन पेरली असे म्हणता येत नाही. ती बदलीच्या हुकमाने आली! गोव्याचा फिटर, मंगळूरचा कारकून, ठाणे-साष्टीकडचा ईस्ट इंडियन गार्ड, तमिळ मुलखातला खलाशी, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अशी माणसे पोटासाठी येथे आली आणि त्यांनी आपल्या पेटीतून कपड्यांबरोबर रोझरी आणि पवित्र मरियेची तसबीरही आणली. प्रथम एखाद्या क्वार्टरमध्ये प्रार्थना, नंतर महिन्यातून एकदा गाडीने येणारा धर्मगुरू, त्यानंतर छोटे चर्च, मग शाळा, आणि गावाबाहेर भिंत घातलेली दफनभूमी. बहुतेक रेल्वे गावांत आपल्या धर्मग्रामाचा हाच क्रम दिसतो.

मनमाडचे उदाहरण घ्या. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाला, १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखाकडे जाणारा मीटरमार्ग झाला, पुढे पुलांचे लोखंडी भाग बनविणारा रेल्वेचा कारखाना आला. पाण्यासाठी नित्य तहानलेले हे गाव, पण तीन दिशांचे रूळ तेथे भेटले आणि माणसांची गाठ पडली. अशा गावी मराठी, कोंकणी, तमिळ आणि इंग्रजी या चार भाषांतून एकच पापनिवेदन ऐकण्याचा योग धर्मगुरूला येतो. रेल्वे वसाहतींत सेवा केलेल्या प्रत्येक धर्मगुरूला आणखी एक अनुभव असतो. मिस्साची वेळ घड्याळाने ठरते खरी, पण माणसे ड्यूटीप्रमाणे येतात. रात्रपाळी उतरून डोळे तांबारलेला बाप मागच्या बाकावर बसलेला असतो आणि प्रवचन लांबले तर त्याला डुलकी लागते. आम्ही अशा डुलकीला कधीही दोष दिलेला नाही. रात्रभर हजार जिवांना सुखरूप नेणाऱ्याने पहाटे देवाच्या घरी क्षणभर डोळा मिटला तर ती प्रार्थनाच समजावी.

वाफेच्या काळात हे काम किती अंगमेहनतीचे होते याची नव्या पिढीला कल्पना येणार नाही. भट्टीचे दार उघडावे, फावड्याने कोळसा आत असा फेकावा की तो जाळीवर सारखा पसरेल, दार लावावे, दाबाच्या काट्याकडे पाहावे, पाण्याच्या नळीकडे पाहावे, पुन्हा दार उघडावे. बॉयलरमधील पाणी ठरावीक पातळीखाली गेले तर जिवाशी गाठ. एकीकडे भट्टीची धग आणि दुसरीकडे उघड्या बाजूने येणारा पाऊस किंवा थंडी यांमध्ये फायरमन उभा असे. एका खेपेत टनावारी कोळसा त्याच्या हातून जाई. ड्रायव्हर बाहेर डोके काढून सिग्नल पाही तेव्हा ठिणगी डोळ्यांत जाई. वाफेचे इंजिन नुसती कळ दाबून चालत नाही. त्याला माणसाच्या छातीतला वारा लागतो.

इगतपुरीचे महत्त्व यातूनच वाढले. १९३० मध्ये घाट विजेवर आला. तेव्हापासून मुंबईहून आलेली गाडी इगतपुरीस थांबे, विजेचे इंजिन बाजूला होई आणि वाफेचे इंजिन जोडले जाई. उलट दिशेला याच्या उलट घडे. घाटात चालणाऱ्या, लांब नाकाच्या विजेच्या मालइंजिनांना रेल्वेतली माणसे ‘खेकडा’ म्हणत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ मार्गावरही वीज आली, पण ती वेगळ्या दाबाची होती. त्यामुळे इंजिन बदलण्याची प्रथा चालूच राहिली. चालू शतकाच्या पहिल्या दशकात दोन्हीकडची वीज एक झाली आणि तो थांबा नुसता नावापुरता उरला. ज्या बदलावर एक गाव जगले तो बदलच नाहीसा झाला. प्रवाशांच्या पाच-दहा मिनिटांची बचत झाली. पण चहावाल्यापासून शंटरपर्यंत किती संसार त्या मिनिटांवर उभे होते, याचा हिशेब वेळापत्रकात छापला जात नाही.

मिरवणुकीत न येणारा इतिहास

उत्सवाच्या गाडीत सोयीचा इतिहास बसविला जातो, गैरसोयीचा फलाटावर राहतो. जी.आय.पी.च्या काळात मेल गाड्या चालविण्याचा मान गोऱ्या व अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांकडे असे आणि हिंदी माणूस कितीही वाकबगार असला तरी बराच काळ फावड्यापाशीच राही. पगारात, क्वार्टरमध्ये, एवढेच नव्हे तर रेल्वेच्या करमणुकीच्या क्लबातही रंगाची रेघ ओढलेली होती. आपली ख्रिस्ती माणसे या रेघेच्या दोन्ही बाजूंना होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर घेणारे दोघे स्टेशनात गेल्यावर एकमेकांशी एकाच पायरीवर बोलत नसत. याची आठवण सुखावह नाही. परंतु ती वगळून लिहिलेला धर्मग्रामाचा इतिहास अर्धाच ठरेल.

त्याचप्रमाणे १८९९ मध्ये जी.आय.पी.च्या हिंदी तारबाबूंनी संप केला आणि लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांची बाजू उचलून धरली, ही गोष्ट. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, ८ मे ते २७ मे १९७४ या काळात, देशभरच्या रेल्वे कामगारांनी केलेला संप मनमाड, इगतपुरी, भुसावळच्या वसाहती अजून विसरलेल्या नाहीत. त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस हे मंगळूरच्या कॅथलिक घराण्यातील. तरुणपणी काही काळ ते बंगळूरच्या सेमिनरीत धर्मगुरू होण्यासाठीही राहिले होते. संप मोडला, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टर रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या. ज्या घरांत कमावता बाप अटकेत होता त्या घरांतील आयांनी ते दिवस कसे काढले हे त्यांच्या मुलांनी, आता स्वतः आजोबा झालेल्यांनी, आम्हांला सांगितले आहे. संप योग्य की अयोग्य याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मात्र त्या वीस दिवसांचे नाव न घेता रेल्वेची पावणेदोनशे वर्षे साजरी करणे म्हणजे उपवासकाळ वगळून पुनरुत्थानाचा सण साजरा करण्यासारखे होईल.

डब्यातील दोन भेटी

आगगाडीने माल वाहिला, सैन्य वाहिले, दुष्काळात धान्य वाहिले. तिने आणखीही काही वाहिले आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका तरुण ब्राह्मण कवीला अपरिचित युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलता बोलता त्याने कवीच्या हाती नवा करार दिला. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ही सर्व हकिकत दिली आहे. टिळक हे आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंचे असले तरी त्यांची भक्तिगीते आपल्या चर्चमध्येही गायली जातात.  ती भेट मराठी ख्रिस्ती साहित्याची दिशा बदलून गेली.

दुसरी भेट १० सप्टेंबर १९४६ ची. कोलकात्याहून दार्जिलिंगला तपसाधनेसाठी निघालेल्या लोरेटो संघाच्या एका भगिनीला त्या प्रवासात अंतरीची हाक ऐकू आली : मठ सोडून गरिबांतील गरिबांमध्ये जाऊन राहा. त्या भगिनी म्हणजे कोलकात्याच्या संत तेरेसा. त्यांच्या संघाच्या भगिनी हा दिवस आजही प्रेरणादिन म्हणून पाळतात. दार्जिलिंगच्या डोंगरावर जाणारी ती चिमुकली गाडी वाफेची. १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचे स्थान दिले. विशेष हे की मदर तेरेसांच्या जन्मशताब्दीनिमित्त २६ ऑगस्ट २०१० रोजी कोलकात्याच्या सियालदह स्थानकावरून ‘मदर एक्स्प्रेस’ नावाची प्रदर्शनाची गाडी निघाली. तिच्या डब्यांत मदरच्या जीवनाचे दर्शन मांडलेले होते आणि ती गावोगाव थांबत देशभर फिरावी अशी योजना होती. उत्सवाची गाडी कशी असावी याचा हा आपल्यापुढील चांगला नमुना. लोकांनी उत्सवाकडे जाण्याऐवजी उत्सव लोकांच्या दारी येतो.

धूर नसलेले इंजिन

चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० पासून देशी वाफेची इंजिने बांधली आणि १९७२ मध्ये ते काम थांबविले. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक १९९५ च्या डिसेंबरात संपली. हरियानातील रेवाडीच्या शेडमध्ये काही इंजिने जपून ठेवली असून ती अधूनमधून धावतात. १८५५ मध्ये बांधलेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ पासून दिल्ली–अलवर मार्गावर पर्यटकांना नेऊ लागली आणि जगातील सर्वांत जुने चालते इंजिन म्हणून तिची नोंद झाली. आपल्या नेरळ–माथेरानच्या गाडीने २००७ मध्ये शंभरी गाठली; २००५ च्या प्रलयात वाहून गेलेला मार्ग त्या मुहूर्तासाठी पुन्हा बांधून काढावा लागला होता.

अलीकडे एक नवी रीत दिसते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातमध्ये एकता नगर ते अहमदाबाद अशी वारसा गाडी सुरू झाली. तिचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. मुलांना आनंद होतो, हवा दूषित होत नाही, आणि विजेच्या तारांखाली खऱ्या वाफेच्या इंजिनाची निगा राखणे अवघडही असते. पाण्याचे खांब काढले गेले, कोळशाचे ढीग गेले, इंजिन फिरविण्याचे टर्नटेबल गेले, आणि बॉयलरची नाडी जाणणारे कारागीर म्हातारे झाले. परंतु आकार राखला आणि अग्नी गेला, तर वारसा राखला काय? हा प्रश्न केवळ रेल्वेला नाही. ज्या घरात वेदी आहे पण सायंप्रार्थना नाही, ज्या धर्मग्रामात शताब्दीची कमान आहे पण जुन्या नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या आहेत, त्यांनाही तो लागू पडतो.

२०२८ ची गाडी

म्हणून आमची एक सूचना आहे. २०२८ ची उत्सवाची गाडी ठाण्यास थांबू नये. तिने घाट चढावा. इंजिन खऱ्या वाफेचे असो वा त्या रूपाचे, मागून कसाऱ्याची विजेची इंजिने जोर देवोत. पण ती इगतपुरी, देवळाली, नाशिक रोड, मनमाड, भुसावळ अशा गावी थांबावी आणि प्रत्येक गावी निदान एक दिवस राहावी. तिच्या एका डब्यात घाट बांधणाऱ्या मजुरांचे, एका डब्यात फायरमन, गँगमन, सांधेवाले आणि तारबाबू यांचे, एका डब्यात संपाच्या दिवसांचे आणि एका डब्यात रेल्वे वसाहतीतील बायांच्या संसाराचे दर्शन असावे. सरकारने हे करावे असे आपण निवेदन देऊ शकतो, आणि ते अवश्य द्यावे. पण सरकारने डबा दिला तर त्यात ठेवणार काय? ते आपल्याच घरांत पडून आहे.

आपल्या चर्चच्या नोंदवह्या हा या बाबतीत मोठा ठेवा आहे. स्नानसंस्कार, विवाह आणि दफन यांच्या जुन्या नोंदींत नाव, आईबाप, धर्ममातापिता, तारीख यांबरोबर पुष्कळदा बापाचा धंदा आणि मूळ गावही लिहिलेले आढळते. ज्या माणसाचे नाव रेल्वेच्या स्मारकशिळेवर नाही, ते आपल्या वहीत सुवाच्य अक्षरांत आहे. साथीच्या वर्षी दफनाची पाने किती भरली, कोणत्या वर्षी कोणत्या मुलखातून माणसे आली, कोणत्या वर्षी वसाहत रिती होऊ लागली, हे सर्व तेथे वाचता येते. हे कागद उन्हात न ठेवता, स्वच्छ करून, त्यांची नीट प्रत काढून ठेवणे हे प्रत्येक रेल्वे धर्मग्रामाचे पहिले काम होय. मूळ वही मात्र धर्मग्रामाबाहेर जाऊ नये, आणि जिवंत माणसांच्या खाजगी नोंदी उत्सवाच्या भरात उघड्या करू नयेत.

दुसरे काम घरांचे. बापाची पितळी बिल्ला असलेली टोपी, हातकंदील, शिट्टी, जी.आय.पी. अक्षरे असलेला पेला, क्वार्टरसमोर काढलेला कुटुंबाचा फोटो, सेवानिवृत्तीचे मानपत्र या वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत जाण्याआधी बाजूला काढाव्यात. फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. आज ज्यांना सर्वांची नावे येतात त्या आजी उद्या नसतील. तिसरे काम तरुणांचे. वाफेच्या इंजिनावर उभे राहिलेले हात अजून थोडे शिल्लक आहेत. ते आता ऐंशीच्या घरात असतील. त्यांच्यापाशी बसून त्यांचे बोलणे मोबाईलवर नोंदवून घेणे हे शाळेतील कोणत्याही प्रकल्पापेक्षा मोलाचे आहे. चौथे काम धर्मगुरूंचे : सर्व आत्म्यांच्या दिवशी दफनभूमीत प्रार्थना करताना, ज्यांना थडगे लाभले नाही अशा घाटातील मजुरांचे स्मरण करावे. ते कोणत्या धर्माचे होते हे विचारण्याचे कारण नाही. त्यांनी बांधलेल्या वाटेवरून आपण सर्वच आलो आहोत.

ज्युबिलीच्या शिंगाचा अर्थ ज्याचे त्याला परत देणे असा असेल, तर घाटमाथ्यावरच्या या माणसांना जमीन वा वेतन परत देणे आता कोणाच्या हाती नाही. त्यांचे नाव त्यांना परत देणे मात्र आपल्या हाती आहे. १६ एप्रिल २०२८ ला फार दिवस उरलेले नाहीत. नोंदवहीचे कपाट उघडावयास कोणत्याही सरकारी मंजुरीची गरज नाही. ते येत्या रविवारी, मिस्सानंतर, उघडता येईल.